मध्ये चौतीस

मांजलपुरातल्या त्या पार्टी प्लॉटवर
आता लग्नं फारशी लागत नाहीत.
मालकाने निळा रंग फासून चार कोर्टं आखलीत,
तासाला चारशे, सकाळी सातच्या आत अडीचशे.
मी सातच्या आतली.

शिकवते हेत्वी, फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाची.
"मावशी, बॅट नाही, पॅडल बोलायचं."
पोळपाटाला मूठ लावावी तसं दिसतं ते.
चेंडूला सगळीकडून भोकं,
मारला की टक्क वाजतो,
आणि उसळायचं की नाही
याचा जरा विचार करून मग उसळतो.

चौथा भिडू कमी पडला.
हेत्वीने बाकावरून एकीला उठवून आणलं:
पांढरे बूट, कापलेले केस, गुडघ्याला पट्टा.
हेमलतावहिनी.
दावा दाखल झाल्यापासून अकरा वर्षं
आम्ही एकमेकींना फक्त वकिलाच्या कागदांत वाचलेलं.
"आ तमारा पार्टनर," हेत्वी म्हणाली,
आणि टेप काढून जाळी मोजायला लागली.
"बघा, कडेला छत्तीस इंच, मध्ये चौतीस."
छत्तीसचा आकडा आम्हाला नवा नव्हता.
चौतीसचं कुणी सांगितलं नव्हतं.

सर्व्हिस कंबरेखालून, समोरच्या तिरक्या चौकोनात.
ज्याची सर्व्हिस, गुण त्यालाच.
आणि आला चेंडू की लगेच हाणायचा नाही:
एक टप्पा तिकडे, एक टप्पा इकडे,
त्यानंतर हवं तर हवेतच उडवा.
"पडवा दो, मावशी, पडवा दो!"
मला कुठलं जमतंय.
बत्तीस वर्षं पोस्टाच्या बचत खिडकीत बसलेली मी,
समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत
"उद्या या" म्हणणारी.

जाळीला लागून सात फूट पट्टा, त्याचं नाव किचन.
टप्पा पडला असेल तर खुशाल आत जा,
पण आत उभं राहून हवेतला चेंडू मारलात
की फाऊल, पाय रेषेला नुसता लागला तरी.
"कुणाचं किचन?" वहिनीने विचारलं.
माझ्याकडे न बघता.
आमच्याकडे सगळं सुरू झालं होतं
ते कारेलीबागेच्या फ्लॅटमध्ये
दुसरा गॅस आला त्या दिवसापासून.

शून्य, शून्य, दोन.
दोन कशाला, अजून मला नीट कळलेलं नाही.
पण ते ओरडताना एकदम आठवलं,
इथेच कुठेतरी, या दोन नंबरच्या कोर्टाखाली,
अंतरपाट धरला होता दादाच्या लग्नात.
मी करवली, हातात कऱ्हा,
आणि पाटापलीकडे हिचे फक्त पाय दिसत होते,
अळता लावलेले, थरथरणारे.

पलीकडचे पटेल नवरा-बायको सराईत.
त्यांनी चेंडू सरळ आमच्या दोघींच्या मध्ये टाकला.
मी थांबले. ती थांबली.
चेंडू टक्क करून पडला, परत पडला,
घरंगळत कुंपणापाशी गेला.
"बोलायला लागेल ना!" हेत्वी कावली.
"माझा का तुझा, ओरडा जोरात!"

पुढच्याला मी ओरडले, "माझा!"
सवयीचाच शब्द. परिशिष्ट अ, खोली क्रमांक दोन,
बाल्कनीसह.
घेतला, आणि जाळीत घातला.

मग एक उंच आला, हळू,
लिंबाच्या झाडावरून उतरल्यासारखा.
तिच्याच बाजूला होता खरं तर.
ती मागे सरली.
"तुझा!"

मी पॅडल उचललंच नाही.
हेत्वीने कपाळाला हात लावला.

अकरा-चार हरलो.
बाकावर ती पट्टा सोडत होती,
मी बाटलीचं झाकण उघडून
बाटली दोघींच्या मध्ये ठेवली.
घोटभर पिऊन ती म्हणाली,
"गुरुवारी तारीख आहे."
"माहितीये."
"मग शुक्रवारी ये. पावणेसातला.
तिरका सर्व्ह तुझा फार बाहेर जातोय."